तानुबाईचं कडं

मित्रांनो, तानुबाईची पिशवी काढली तर सांगलीच्या डॉक्टरांना सातशे रुपये मिळणार होते. मला बसवलं तर कुणालाच काही मिळणार नव्हतं. माझं नशीब इथेच फिरलं.

मी एक जुनं रबरी कडं आहे. बांगडीएवढं, पण बोटभर जाड. बाळंतपणानंतर ज्या बायकांचं अंग बाहेर येतं, त्यांच्या गर्भाच्या पिशवीला आतून आधार द्यायचा, हे माझं काम.

सत्त्याहत्तर साली पलूसजवळच्या एका सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक झाली. तिथे नूरजहां सिस्टर होत्या. तानुबाई त्यांच्याकडे आली तेव्हा तिला धड बसता येत नव्हतं. तिसऱ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी तिने डोक्यावर वैरणीचा भारा घेतला होता. घरात तिचं फार कौतुक झालं. कौतुकाला खर्च येत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "बाई, पिशवी वाईट न्हाई. तिला आधार न्हाई, एवढंच. ह्ये कडं बसवते. म्हयन्यातनं एकदा काढून धुवायचं, वाळवून परत घालायचं. आन् डोक्यावर भारा न्हाई."

सात महिने मी नोकरी चोख केली. भाचीच्या लग्नात तानुबाई पंगतीला मांडी घालून जेवली. माझ्यासारख्याला याहून मोठं बक्षीस कुठलं?

पण घरात तिने माझं नाव काढलं नव्हतं. बायकांच्या अंगाची गोष्ट बोलायची नाही, अशी तिथली रीत. ही रीत कुणाच्या सोयीची, ते बघा.

एका सोमवारी तिने मला धुऊन न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवलं. तिचा नवरा आकाराम हात धुवायला आला. विहिरीवरच्या इंजिनाच्या पाइपाचा जोड गळत होता, ऊस पाण्याला आला होता, आणि वायसर आणायला पलूसला जायचा त्याला कंटाळा. त्याने मला दोन बोटांत दाबून बघितलं आणि खिशात टाकलं.

दुपारी तानुबाई भाकरी घेऊन विहिरीवर आली. जोडातून माझी काळी कड दिसत होती.

"आवं, त्ये काढा."

"का? थेंब गळंना आता."

"माझं हाय त्ये. दवाखान्यातलं."

शेजारी बसलेला गडी हसला. "वयनी, तुमी बी इंजान चालवता व्हय?"

आकारामला समजलं होतं, मित्रांनो. त्याचे कान लाल झाले. त्याने पाना उचलला. मला वाटलं, आता सोडवणार. त्याने नट आणखी एक आटा आवळला.

"एवढं पाणी पाजून हुंदे," तो म्हणाला.

पाणी पाजून झालं. मी तिथेच.

सिस्टरनी नवीन कडं मागवलं. महिना लागेल, तोवर ओझं उचलू नको म्हणाल्या. मग भारा आणणार कोण? अंग पुन्हा उतरलं, घासून जखम झाली. पंधरा दिवस पडून राहिली तर जखम भरेल, मग नवीन बसवू, असंही सिस्टरनी सांगितलं. बाई पंधरा दिवस आडवी म्हणजे घर आडवं! आकाराम तिला थेट सांगलीला घेऊन गेला.

तिथे डॉक्टरांनी आधी काय उपाय केले, ते विचारलं नाही. तीन लेकरं झालीत, आता पिशवी कशाला, काढली की कटकट मिटली, एवढं म्हणाले. सही आकारामची घेतली. पिशवी कुणाची होती, हा प्रश्न कुणाला पडला नाही. इंजिनाचा जोड गळाला म्हणून आकारामने इंजिन उपसून फेकलं असतं का?

नवीन कडं ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी बाई अवघडून बसत असेल, तर तिला काय होतंय ते विचारा. कापण्याआधी दुसरा उपाय आहे का, हे डॉक्टरांना विचारा. लाज वाटली तर माझी आठवण काढा. मी ग्रीसमध्ये चेपून पडलो आहे.

आता हिशेब. डॉक्टरांना सातशे मिळाले. उसाला पाणी मिळालं. आकारामचा पलूसचा हेलपाटा आणि वायसरचे बारा आणे वाचले. आणि ते सातशे? म्हैस विकून आले. म्हैस तानुबाईच्या माहेरची होती.