एक हात कमी

ती बाई तिसऱ्यांदा आली तेव्हा तोमोएने चामड्याच्या पट्ट्याची कड घोटणं थांबवलं नाही.

पहिल्यांदा आली ती पाकिटाची खराब झालेली कड घेऊन. हातात कागदी पंखा, नाव सांगितलं आइझावा. तोमोएने पाकीट उजेडात धरलं आणि तिथेच तिच्या मनात खुट्ट झालं. झिजणारी कड आधी कोपऱ्यांत झिजते, हे चामड्याचं काम करणाऱ्या इमादोच्या ह्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. ह्या पाकिटाचे कोपरे जसेच्या तसे आणि मधली कडच खरवडलेली. पाकीट दुरुस्तीला आलेलं नव्हतं. यायला निमित्त हवं म्हणून ते खराब केलेलं होतं.

बाई बोलायला साखर. सरळ प्रश्न एकही नाही. किती वर्षं इथे, वडीलही ह्याच कामात का, मूळचे कुठले, मुलीचं लग्न झालं का. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. तोमोए हूं-हूं करत राहिली.

हे प्रश्न तिला पाठ होते. दोन वर्षांपूर्वी हातात छत्री घेतलेला एक माणूस कंबरपट्ट्याची कड घोटून घ्यायला आला होता. त्याने हेच विचारलं, आणि आठच दिवसांत तिच्या मुलीचं, चिनात्सुचं, ठरलेलं लग्न मोडलं. पत्रात लिहिलं होतं, घरात आजारपण आहे. आजार कसला ते गल्लीला ठाऊक होतं. कधीकाळी मेल्या जनावराचं कातडं सोडवणाऱ्यांची ही पतवंडं. कायद्याने तो डाग पुसून शंभर वर्षं झाली, पण डाग शोधून देण्यावर पोट भरणारे अजून जिवंत आहेत. आमची पिशवी खांद्याला चालते, पिशवी शिवणारीची पोर घरात चालत नाही.

आता चिनात्सुचं पुन्हा जुळलं होतं. कुरामोचींच्या मुलाला सगळं माहीत होतं. त्याच्या आईबापांना मात्र ‘आईचा पिशव्यांचा व्यवसाय आहे’ एवढंच सांगितलेलं. येत्या रविवारी नदीपलीकडच्या हॉटेलात दोन्ही घरं पहिल्यांदा भेटणार होती. आणि नेमकी आत्ताच ही बाई.

“वहिनी, ही त्यातलीच,” समोरच्या पाटावर रापीने चामडं तासणारे म्हातारे इवाओ म्हणाले होते. “छत्रीवाला गेला, पंखेवाली आली. पाकिटात खारवलेला मासा घालून दे. चौकशीचा वास तरी चांगला येईल.”

तोमोए हसली नव्हती. दुसऱ्या खेपेला तिने एक गोष्ट पाहिली होती. बोलता बोलता बाईने पाटावरची उरलेली पट्टी उचलली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि चटका बसल्यासारखी खाली टाकली. चौकशीवाले पट्टीला हात लावत नाहीत. त्यांना घाण वाटते. मग ही कोण?

तोमोएने सापळा लावला. पाकिटाची कड काचपेपरने तीनदा घासली, समुद्रशेवाळाची खळ तीनदा लावली, प्रत्येक खेपेला फडक्याने घोटली. पण घडीजवळ दोन बोटं जागेवर खळीचा तिसरा हात मुद्दाम दिला नाही. वरून मेण फिरवलं. डोळ्याला सगळी कड सारखीच चमकत होती. गिऱ्हाईक चमक बघून जातं, हेर तेवढंही बघत नाही. उणा हात सापडतो तो फक्त कामातल्या माणसाला, आणि तोही ओठाने. तीस वर्षं काचपेपर धरून बोटांची जाण मरते, खालचा ओठ तेवढा कोवळा राहतो. म्हणून ह्या धंद्यात कड ओठावरून फिरवून बघतात. बाहेरच्यांना ते पाहून ओकारी येते.

आणि आता ती समोर बसली होती. पाकीट तिच्या हातात होतं.

“छान झालंय हो,” ती म्हणाली. उलटसुलट करून पाहिलं. मग तिचा हात आपोआप वर गेला. डोळे मिटले. पाकिटाची कड खालच्या ओठावरून डावीकडून उजवीकडे सरकली, घडीजवळ थांबली, मागे आली, पुन्हा थांबली.

इवाओंची रापी थांबली.

“हितं येक हात ऱ्हायलाय,” बाई म्हणाली. आवाज तिचा नव्हता. साखर नव्हती त्यात. पश्चिमेकडची खेडवळ बोली होती. बोलून गेल्यावर तिने डोळे उघडले आणि चेहरा पांढरा पडला.

तोमोएने फडकं खाली ठेवलं. “कुठली गं तू?”

बाईने पाकीट मांडीवर ठेवलं. मग सगळं भडाभडा ओकली. पश्चिमेला नदीकाठी, जिथे कातडी धुवायचे, तिथली. बाप कडा घोटायचा. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं ते परत तोंड दाखवलं नाही. आइझावा हे माहेरचं नाव. एकतीस वर्षं ती कुरामोची होती. नवऱ्याला माहीत नाही, मुलाला माहीत नाही. नवरा मुलीच्या घराची चौकशी करायला माणूस लावणार होता, तर हिने सांगितलं, मीच बघून येते. माणूस एकदा खणायला लागला की कुठवर खणेल काय सांगावं.

“तुमच्याकडून नकार कळवा,” ती खाली बघत म्हणाली. “मग कोणीच खणणार नाही. पाया पडते.”

तोमोएच्या डोक्यात तिडीक गेली. नदीपलीकडच्यांनी दगड मारला तर समजतं. ही तर आपल्याच गल्लीची निघाली, आणि आपल्याच पोरीचा गळा कापायला आलेली.

“तू लपलीस तो तुझा संसार,” ती म्हणाली. “माझ्या पोरीने का लपायचं?”

म्हणताना जीभ अडखळली. ‘पिशव्यांचा व्यवसाय’ हे शब्द पोरीच्या तोंडात कोणी घातले होते? तिनेच. इवाओ भाऊजी तिच्याकडे बघत होते. त्यांना ते माहीत होतं.

“रविवारी हॉटेल नको,” तोमोए म्हणाली. “इथे या. नवऱ्याला घेऊन. ह्या वासात बसू दे त्याला.” मग खळीची वाटी पुढे सरकवली. “आणि राहिलेला हात तू मार. मी नाही मारणार.”

बाईने अंगठी काढली. बोट खळीत बुडवलं. एकाच दिशेने, मागे न आणता, फडकं ओढत गेली. चुकली नाही.

ती येईल ह्यावर तोमोएचा काडीचा विश्वास नव्हता. जी घरच्यांना एकतीस वर्षं फसवते ती आपल्याला तीन दिवस फसवायला किती कष्ट घेईल? शनिवारपर्यंत तोमोए नकाराच्या पत्राची वाट बघत होती. बेत परस्पर बदलला म्हणून चिनात्सु आधी आईवर भडकली, एक दिवस बोललीच नाही, मग न सांगता बसायची आसनं उन्हात टाकून आली.

रविवारी अकराला दार सरकलं. पुढे मुलगा, मागे उंच कुरामोचीसाहेब, नाकाशी रुमाल. सगळ्यांत शेवटी ती. तोमोएला तिने ओळखीची एक खूणही दाखवली नाही. झालं, तोमोएने मनात म्हटलं. पलटली.

चिनात्सुने जवाचा गार चहा ठेवला. साहेबांनी पाटावरच्या रापी, काचपेपर, खळीची वाटी, सगळ्यांवरून नजर फिरवली.

“हे तुम्ही स्वतः करता?”

“हो. माझी आई करायची. तिचा बापही.”

साहेबांनी पेला उचललाच नाही. निघायच्या वेळी माणूस छत्री शोधतो तसं त्यांनी बायकोकडे पाहिलं.

तिने पाटावरचा नवा पट्टा उचलला. नवऱ्यासमोर, मुलासमोर तो खालच्या ओठाला लावला आणि सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला.

“हे काय करतेस?”

“बगते,” ती म्हणाली, त्याच खेडवळ बोलीत. “आमच्या घरी असंच बगायचे.”

कुरामोचीसाहेब उठले. दारापर्यंत गेले, बुटांकडे बघत उभे राहिले. बूट घातले नाहीत. परत येऊन बसलेही नाहीत.

मुलगा आईच्या तोंडाकडे बघत होता. त्याने तिच्या हातातून पट्टा घेतला आणि वेड्यासारखा, उलट्या बाजूने, ओठाला लावला.

“मला काहीच कळत नाही,” तो म्हणाला.

“तुला कसं कळेल,” चिनात्सु म्हणाली आणि पट्टा सरळ करून दिला. “उलटा धरलायस.”