लाँड्रीतली नायिका

मालिका लिहायला शिकवणाऱ्या माणसाची स्वतःची मालिका अकराव्या भागात गुंडाळली गेली होती, हे मला वर्गात नाव घातल्यावर कळलं. "मला सर म्हणा," असं त्यानंच सांगितलं. तेव्हापासून मी त्याला मनातल्या मनात उस्ताद म्हणायला लागले.

मी एकोणीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत सुपरवायझर होते. तळघरात. वरच्या मजल्यांवर कोण काय दिवे लावतंय, ते आम्हाला चादरींवरून कळायचं. निवृत्त झाले तशी धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही नुसत्या बोललात तरी मालिका होईल. लिहा की!" टोमणाच होता तो. मी मनावर घेतला.

वर्गात आम्ही नऊजण. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हेरांची गोष्ट लिहीत होते. त्यांनी जन्मात काही हेरलं असेल तर जेवणाची सुट्टी. दातांची एक डॉक्टरीण प्रेमकथा लिहीत होती, त्यात दात औषधालाही नव्हते. उस्ताद दर शनिवारी तेच दळण दळायचा. "पायलट म्हणजे मालिकेचा पहिला भाग. त्यात जग दाखवा, माणूस दाखवा, बघणाऱ्याला उठू देऊ नका. आणि जे जगलात तेच लिहा." वाक्य बरं होतं. कुठून तरी उचललेलं असणार.

मी चाळीस पानं लिहिली. एकेक नग त्यात घातला. वापरलेली पाती चादरीत गुंडाळून खाली पाठवणारा सर्जन. नाकाला रुमाल लावून तपासणीला येणारे मोठे साहेब. चार गाऊनच्या घड्या घालायला अख्खी दुपार लावणाऱ्या बायका. आणि या गाढवांच्या कळपात एकच शहाणी, सुपरवायझर. ती बोलली की समोरचा गार!

"धार आहे हो तुमच्या लिखाणाला," उस्ताद म्हणाला. धार होतीच. ते याच्याकडून कळायची मला काय गरज?

मग मी ती पानं शिडीला वाचायला दिली. शिडी माझ्या हाताखाली कपडे धुवायची. उंचीमुळे सगळे तिला शिडीच म्हणायचे. यंत्रांची माहिती तपासून दे, असं मी तिला म्हटलं खरं, पण खरं तर मला मिरवायचं होतं. तिनं स्वयंपाकघरात बसून, ओळीवर बोट ठेवत, दोन तास घालवून सगळं वाचलं. मी तोवर तिच्या ओट्यावरची घाण मोजत बसले.

"मजा आली," ती म्हणाली. "पण बाई, ती सुई कुठे गेली?"

"कुठली सुई?"

तिनं नुसता उजवा अंगठा वर केला.

मला सगळं लख्ख आठवत होतं. रक्तानं भरलेल्या चादरीतली सुई तिच्या अंगठ्यात घुसली होती. मीच तिचा हात नळाखाली धरला होता आणि मीच म्हणाले होते, "नोंद करू नकोस. चौकशी लागेल, आपल्याच विभागाची छी थू होईल." त्या वर्षी मुख्य सुपरवायझर म्हणून माझी बढती व्हायची होती. ती गप्प बसली आणि मला बढती मिळाली.

"सर्जन हरामखोर, साहेब हरामखोर," शिडी म्हणाली. "तुम्ही तेवढ्या धुतल्या तांदळाच्या!"

मी तणतणत निघाले. रस्ताभर तिला शिव्या घातल्या. हिला काय कळतंय लिखाणातलं? घरी येऊन पानं उघडली, तर सुपरवायझरचं एकही वाक्य खरं वाटेना. त्या सर्जनला मी एकोणीस वर्षांत 'हो सर' सोडून काही बोलले नव्हते. ती सगळी उत्तरं मला नंतर, लिफ्टमधून खाली येताना सुचलेली.

मी पुन्हा लिहिलं. सुई घातली, नळ घातला, बढती घातली. पुढच्या शनिवारी वर्गात वाचून दाखवलं. बँकवाले खाली बघत राहिले.

"अहो, नायिका इतकी नीच चालत नाही," उस्ताद म्हणाला.

"चालली की. एकोणीस वर्षं चालली."

"असं करा, तिला नोंद करू द्या. सर्जनला भिडू द्या. लोकांना तेच हवं असतं."

एवढे दिवस 'जगलात ते लिहा' म्हणून घसा फोडणारा हाच तो! मी पानं गोळा केली आणि वर्ग सोडला.

मालिका काढणाऱ्या तिघांना ती पानं पाठवली. दोघांनी पोचही दिली नाही. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंचा फोन आला. "पायलट करू या. पण नायिका ती कपडे धुणारी. सुपरवायझर आपली खलनायिका."

मी विचारलं, "पहिल्याच भागात मरत नाही ना ती सुपरवायझर?"

"छे हो! तिच्यावर तर मालिका चालणार."

मी शिडीकडे गेले आणि उभ्या उभ्याच तिला ते सांगितलं. ती खो खो हसली. मग म्हणाली, "बरं, पुढे काय करते ती नायिका?"

"तेच विचारायला आलेय. मला माहीत नाही."

इतक्या वर्षांत मी तिला ते कधी विचारलंच नव्हतं. तिनं गॅस बंद केला, हात पुसले.

"रोग लागलाय का म्हणून दुसऱ्या इस्पितळात जाऊन रक्त तपासलं, खोटं नाव सांगून. सहा महिने नवऱ्याला जवळ येऊ दिलं नाही. कारण सांगता येईना. त्याला वाटलं, माझं बाहेर काहीतरी आहे." ती स्टुलावर बसली. "लिहून घ्या, बाई. आणि मध्ये बोलायचं नाही."

मी वही उघडली.