उजव्या कडेची माणसं

“या टोकाच्या मान्साची मिशी दिसते, भाऊ. बुशर्टाची गुंडी दिसते. मंग आमच्याच टोकाचा काहून पुसला?”

बिजलीबाईनं फ्रेम काउंटरवर आडवी ठेवली. दिग्रसच्या जिनिंगमधल्या शहाऐंशी कामगारांचा तो ग्रुप फोटो बारा वर्षांपूर्वी मारोतराव ठोंबऱ्यांनीच काढला होता. आता मिल बंद होत होती. ऑफिसच्या भिंती रिकाम्या करताना मुनीमजींनी ही फ्रेम भंगारात टाकली आणि बिजलीबाईनं ती उचलून आणली. तिचा नवरा गुलाबसिंग प्रेसवर गाठी बांधायचा. चार वर्षांमागं काविळीनं गेला. त्याचा दुसरा फोटो घरात नव्हता. या फोटोत तो उजव्या टोकाला, बायकोच्या शेजारी, धुरापलीकडं उभा असल्यासारखा दिसत होता. डोळे कुठं, ओठ कुठं, काही कळत नव्हतं.

“एवढा एकच मोठा करून द्या,” ती म्हणाली. “नातीनं पाह्यला नाही त्याले.”

मारोतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. उत्तर त्यांच्याकडं तयार होतं. इतक्या वर्षांत ते किती जणांना दिलं होतं त्याचा हिशेब नव्हता.

“त्याचं असं आहे बाई, माघारी सरकाले जागा नसली का रुंद लेन्स लावा लागते. तिच्यात सगळे मावते, पण कडंले असं पुसट येते. लेन्सचा गुणच तो.”

“मंग दोन्ही कडंले याले पाह्यजे ना.”

ती भांडत नव्हती. कापसातून काडीकचरा वेचण्यात तिची तीस वर्षं गेली होती, आणि समोरच्या वस्तूकडं ती त्याच नजरेनं पाहत होती. मारोतरावांनी फ्रेम स्वतःकडं ओढली.

“राहू द्या इथं,” ते म्हणाले. “पाहतो मी.”

ती गेल्यावर ते स्टुलावर बसले. वय एकोणसाठ, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बाजारात तीन नवे रंगीत स्टुडिओ झाले होते, त्यामुळं गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोपुरतंच यायचं. मोठा लाकडी कॅमेरा शाळांचे आणि ऑफिसांचे ग्रुप काढण्यापुरता उरला होता, आणि तीही कामं दरवर्षी कमी होत होती. अशा दिवसांत जुनी निगेटिव्ह शोधायला कपाटात हात घालायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. तरी त्यांनी घातला.

निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवून त्यांनी घड्याळवाल्याचं भिंग डोळ्याला लावलं. मधली माणसं ठीक होती. डावं टोक तर इतकं स्वच्छ की माणसांच्या चपलांचे पट्टे मोजावेत. उजवीकडं मात्र शेवटचे पाच-सहा चेहरे विरघळत गेलेले, आणि सगळ्यात शेवटी गुलाबसिंग. उजवी कड त्यांनी शंभरदा पाहिली असेल. तिच्याशेजारी डावी ठेवून एकदाही पाहिली नव्हती.

त्यांनी कॅमेरा टेबलावर उघडला. पुढं लेन्सची पाटी, मागं फिल्मची चौकट आणि मधे काळा भाता. पट्टी घेऊन त्यांनी पाटीपासून चौकटीपर्यंतचं अंतर मोजलं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. पुन्हा मोजलं. दोन्ही बाजूंत आगकाडीच्या जाडीचा फरक होता.

मग त्यांना बोरी अरब आठवलं. त्र्याण्णव साली तिथल्या फाट्यावर एसटीच्या टपावरून कॅमेऱ्याची पेटी खाली पडली होती. उघडून पाहिलं तर काच शाबूत. त्या आनंदात त्यांनी समोरच्या हॉटेलात चहा घेतला होता. पाटीची खाच वाकल्याचं लक्षातच आलं नाही. साध्या लेन्सला एवढ्या फरकानं फारसं बिघडत नव्हतं. रुंद लेन्स मात्र केसभराचाही बाक सोडत नाही, सगळा बाक नेऊन एका कडेला घालते. आणि ती कड सुधारावी म्हणून मारोतराव दरवर्षी लेन्सचं छिद्र आणखी बारीक करत आले होते. तेवढ्यानं कड सुधारली नव्हती, उलट मधलाही भाग जरा मऊ पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुडिओच्या लांब भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जुने पेपर चिकटवले. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर रुंद लेन्सचे कोपरे काळोखे दिसतात, म्हणून भिंतीच्या दोन्ही टोकांना एकेक टॉर्च लटकवला. फिल्मच्या डब्याचा पुठ्ठा कापून पाटीच्या वाकड्या खाचेत सरकवला. जास्त झाला. तासून पुन्हा सरकवला. काळ्या कापडाखाली घाम गळत होता आणि गुडघे वाकत नव्हते. दुपारी केव्हातरी काचेवर उजव्या टोकाच्या पेपरातली अक्षरं उलटीच, पण वाचता येण्याजोगी उमटली. कापसाच्या भावाची बातमी होती. ती त्यांनी पूर्ण वाचली, मग डाव्या टोकाची एक जाहिरात वाचली आणि कापडाबाहेर येऊन खुर्चीवर बसले. आनंद वगैरे काही झाला नाही. चौदा वर्षांचं काम बिघडून गेलं होतं आणि दुरुस्ती निघाली अर्ध्या दिवसाची.

त्याच आठवड्यात जिनिंगमधून निरोप आला. मशिनी उचलायच्या आधी शेटजींना सगळ्यांचा एक फोटो हवा होता. मारोतरावांकडं फिल्मची तीनच पानं उरली होती, तारीख उलटून गेलेली. नागपूरच्या दुकानदारानं आता माल येत नाही म्हणून कळवलं होतं.

एप्रिल संपत आला होता. शेडची सावली अंगणात होती तोवर काम उरकायचं होतं. शेड आणि कुंपणाच्या मधे पंचवीस-तीस फूट जागा, म्हणजे रुंद लेन्स आलीच. शहाऐंशीतले एक्केचाळीस कामगार उरले होते. बाकीचे कोणी पुण्याकडं, कोणी ऊसतोडीला गेले होते. तीन हंगाम अंगणात कापसाची गंजी धड माणसाच्या उंचीलाही चढली नव्हती.

“बायका मांगं, टोकाले,” मुनीम कमलाकरराव म्हणाले. “लवकर करा मारोतराव, ट्रक येऊन राह्यला.”

“बिजलीबाई, तुमी मधात या,” मारोतराव म्हणाले.

तिनं मान हलवली. “मी तिथंच उभी राह्यतो. तो जिथं उभा होता तिथं.”

“कडंले चेहरा जरा ताणून येते बाई. ते कोनाच्या हातचं नाही.”

“येऊ द्या.”

मारोतराव कापडाखाली गेले. मधली माणसं जुळवून झाली, मग भिंग उजव्या टोकाच्या माणसांवर नेलं. बिजलीबाईच्या गळ्यात चांदीच्या जुन्या नाण्यांचा हार होता. त्यातलं एक नाणं धरून ते भाता पुढं-मागं करत राहिले. मुनीमजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. नाण्याची कड काचेवर धारदार झाली, तेव्हा त्यांनी डावं टोक तपासलं, पुन्हा उजवं तपासलं. छिद्र बावीसच्या आकड्यावर आणलं, त्याहून बारीक केलं नाही.

“कोनी हलू नका. श्वास धरा.”

अर्धा सेकंद. पुन्हा एकदा, दुसऱ्या पानावर. माणसं पांगली. तिसरं पान पेटीतच राहिलं.

चार दिवसांनी बिजलीबाई आली. मारोतरावांनी मोठा प्रिंट तिच्यापुढं ठेवला. ती त्यावर वाकली. कपाळावरचं गोंदण, गालावरची एकेक सुरकुती, हारातली नाणी, सगळं स्वच्छ आलं होतं.

“हे मी काय?”

“तुमीच.”

“बुढी झाली की मी,” ती म्हणाली, आणि बोट प्रिंटला न लावता वरूनच चेहऱ्यावर फिरवलं. “अन् त्याचं काय झालं?”

मारोतरावांनी ठरवलं होतं की निगेटिव्ह खराब झाली एवढंच सांगायचं. ती समजून गेली असती.

“त्याचं होत नाही. जे फिल्मवर उतरलंच नाही ते आता कुठून आनू,” ते म्हणाले. “लेन्सचा गुण नव्हता तो, बिजलीबाई. कॅमेरा पडलता माह्याकडून. पाटी वाकडी झाली अन् मी पाह्यलंच नाही.”

तिनं प्रिंटवरून नजर वर केली. बाहेर रस्त्यावरून पुसदची बस गेली.

“इतक्या वर्सात कोनी सांगतलं नाही तुमाले?”

“सांगतलं ना. सगळ्यायनं सांगतलं. मीच त्याह्यले समजावून सांगत होतो.”

बिजलीबाईनं जुनी फ्रेम उचलून प्रिंटच्या शेजारी ठेवली. मग विचारलं, “बाकीच्या फोटोत त्या टोकाले कोन राह्यते, भाऊ? हेडमास्तर?”

“नाही. मास्तर, सायेब मधात. टोकाले शिपाई, आया, झाडूवाले.”

“हं,” ती म्हणाली. दोन्ही फोटो तिनं ओढणीत गुंडाळले.  पायरी उतरताना फक्त एवढंच म्हणाली, “आमी समजलो, आमी हललो असू.”

त्या दिवशी मारोतरावांनी दुकान उघडंच ठेवलं आणि सगळं कपाट खाली काढलं. शाळा, बँका, पंचायत समिती. डावीकडं न पाहता ते फक्त उजवी कड पाहत गेले. दारव्ह्याच्या शाळेच्या अकरा वर्षांच्या अकरा निगेटिव्ह निघाल्या. अकराही निगेटिव्हमध्ये शेवटी एकच उंच माणूस होता, टोपी घातलेला, चेहरा नसलेला. त्याला ते ओळखत होते. नागोराव शिपाई. सगळे बाक लावून, सगळी पोरं बसवून तो शेवटी यायचा आणि उरलेल्या जागेत उभा राहायचा.

सोमवारी मारोतराव काळीपिवळी जीपमध्ये पेटी मांडीवर घेऊन दारव्ह्याला गेले. नागोराव निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. घर बाजाराच्या मागं होतं. नागोराव अंगणात तूर पाखडत बसले होते.

“शाळा तं बंद आहे, मारोतराव. कायचा फोटो?”

“तुमचा.”

“माहा एकट्याचा? कायले?”

“राहून गेलता,” मारोतराव म्हणाले.

नागोरावांना काही उमगलं नाही, पण फोटोवाला घरी आलाय म्हटल्यावर ते आत गेले. तोंड धुऊन, पांढरा सदरा आणि टोपी घालून आले. घरातला लांब बाक स्वतःच उचलून भिंतीपाशी आणला, एका रेषेत आहे का ते वाकून पाहिलं. तोवर मारोतरावांनी स्टँड उभा करून साधी लेन्स लावली. एका माणसाला रुंद कशाला? शेवटचं पान आत सरकवलं.

कापडाखालून पाहिलं तर काचेवर मधोमध रिकामा बाक होता. नागोराव बाकाच्या पार टोकाला बसले होते, हात गुडघ्यांवर, बाकीच्यांना जागा सोडून.

“मधात सरका” असं म्हणायला मारोतरावांनी तोंड उघडलं. मग म्हटलं नाही. ते कापडाबाहेर आले, स्टँडचे तिन्ही पाय दोन्ही हातांनी कवेत धरले, आणि कण्हत कॅमेरा उचलून नागोरावांच्या समोर नेऊन ठेवला.