ज्याची पट्टी लाल, त्याची कोंबडी

"जोडी टूट गई, वहिदा."

बायकोनं डबा बाकावर ठेवला नाही तोच गयासनं सांगून टाकलं. पुढं दुकान, मागं घर आणि मधे एक पडदा, अशी त्यांची राहणी होती. वहिदा पडदा हातात धरून तशीच उभी राहिली.

"किसकी?"

"कडूबा और बन्सी की. नामांतर हुआ, उस दिन से दोनो में का एक बी नै आया."

"बीमार पड़े होंगे."

"दोनो एकदम?"

विद्यापीठाला नाव लागून पंधरवडा उलटून गेला होता. कुणाच्या घरी पेढे वाटले गेले होते, कुणाचं दार त्या दिवशी उघडलंच नव्हतं. चौकातल्या पोलिसांच्या गाड्या आता कुठं हलल्या होत्या. अशा दिवसांत काय काय तुटतं हे वहिदाला सांगायची गरज नव्हती. तिनं डबा उघडून दिला आणि आत गेली. गयासनं मात्र तो तसाच झाकून ठेवला.

त्याचं दुकान शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. आधी तो तिथं रेडिओ दुरुस्त करायचा. वाळूजला कारखाने उभे राहिले, पोरांच्या खिशात पगार खुळखुळायला लागला आणि रेडिओ दुरुस्तीला कुणी आणेना. तेव्हा गयासनं मुंबईहून व्हिडिओ गेमचं एक भलंथोरलं कपाट आणलं. दोन दांड्या, बटणं आणि वर काच. खेळ मारामारीचा. शहर गुंडांनी ताब्यात घेतलेलं असतं. दोन दोस्त बंदरावरून निघतात, ठोसे-लाथा घालत गल्लीबोळ पार करतात आणि शेवटी हवेलीतल्या मोठ्या गुंडाला लोळवतात. खेळाला काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण दुकानात ते कुणी घेतलं नाही. सगळे त्याला 'गल्ली' म्हणत.

एकेकाळी गल्लीसाठीची रांग शेजारच्या अत्तरवाल्याच्या ओट्यावर चढायची आणि अत्तरवाला सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. हल्ली अत्तरवाला शिव्या देत नव्हता. ही गोष्ट गयासच्या ध्यानात यायला हवी होती, पण माणूस जे शोधत असतो तेवढंच त्याला दिसतं.

दुकानाचा एक कायदा होता: गल्ली एकट्यानं खेळायची नाही. एकटा माणूस मशीनवर राग काढतो, दांडी मोडतो, असा गयासचा अनुभव. एकटा आलेल्याला तो बाकावर थांबवून ठेवी आणि पुढचा जो येईल त्याच्याशी त्याची जोडी लावून देई. मग तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही.

कडूबा आणि बन्सी असेच एका बाकावर आले. कडूबा करमाडकडच्या एका वाडीवरचा, मेंढरं वळणाऱ्या घरातला, वाळूजच्या कारखान्यात नवा लागलेला. बन्सी शहरातला, त्याच कारखान्यात दुसऱ्या खात्यात. बन्सीच्या थोरल्या भावानं नामांतरासाठी तुरुंग पाहिलेला. वाडीवर या दोघांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नसता. इथं त्यांचे गुडघे गुडघ्यांना लागले.

पहिल्याच दिवशी वाजलं. या खेळात पिंप फोडलं की आतून कधी कधी भाजलेली कोंबडी निघते. ती खाल्ली की माणसाच्या जिवाची पट्टी भरते. मार खाऊन खाऊन पट्टी लाल झाली की मरण जवळ आलं म्हणायचं. बन्सीची पट्टी लालभडक झाली होती, कडूबाची काठोकाठ भरलेली, आणि कोंबडी निघताच कडूबानं ती मटकावली. बन्सीचा माणूस पुढच्याच लाथेला आडवा झाला.

"आरं, तुझं पोट भरलेलं व्हतं की! मला सोडायची ना कोंबडी!" बन्सी ओरडला.

"मला काय म्हाईत? म्या म्हनलं, दिसली की खायची," कडूबा म्हणाला.

अख्खं दुकान हसलं. हसता हसता गयासनं तिथल्या तिथं दुसरा कायदा केला: ज्याची पट्टी लाल, त्याची कोंबडी. पुढं हा कायदा एवढा रुजला की पोरं चहाच्या टपरीवरसुद्धा शेवटचं बिस्किट कुणाचं हे त्यावरून ठरवू लागली. आणि कडूबा-बन्सीची जोडी अशी जमली की एकानं उडी मारली की दुसरा न बघता खाली वाकायचा. लोक आपला डाव सोडून त्यांचा बघत. नामांतरावरून शहर तापलेलं असतानाही दोघं यायचे, खेळायचे, एका कपातला चहा दोन बशांत ओतून प्यायचे. बाहेर काहीही होवो, माझ्या बाकावर हे दोघं बसतात, हा गयासच्या आयुष्यातला एकमेव अभिमान होता. रेडिओ दुरुस्त करून असं काही कधी वाटलं नव्हतं.

आणि आता ते दोघंच दिसत नव्हते.

चार दिवस त्यानं कळ काढली. पाचव्या दिवशी रविवार होता. त्यानं इस्त्रीचा कुडता घातला, शहागंजातून ताजी नानखटाई बांधून घेतली आणि लुना काढली.

"किधर?" वहिदानं विचारलं.

"सुलह कराने."

"पराए झगड़े में पड़ना नै."

"पराया किधर से हुआ? जोडी मैंने लगाई थी."

मुकुंदवाडीपर्यंत त्यानं मनातल्या मनात भाषण पाठ केलं. कडूबाला काय म्हणायचं, बन्सीला काय, कुणाचा हात आधी धरायचा, सगळं ठरवलं. नावं येतात, नावं बदलतात, माणसानं माणसाला सोडू नये, हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की लुना चालवताना त्याचे डोळे भरून आले.

कडूबाच्या खोलीचं दार त्याच्या बायकोनं, म्हाळसाबाईनं उघडलं.

"अगं बया, चाचा! या की आत. ते नायत घरी."

गयास खाटेच्या काठावर टेकला. भाषण कडूबासाठी होतं, पण धीर निघेना.

"बेटी, खरं सांग. बन्सीचं आन् त्याचं काय झालं?"

"काय झालं म्हंजी?" ती घाबरली. "काय झालं का? आत्ता तर बन्सीभावजी येऊन घिऊन गेले त्यांना."

"बन्सी? इथं आला होता?"

"दर रयवारी येतेत. ह्ये बघा की." तिनं कोनाड्यातला मिठाईचा खोका दाखवला. त्यात आता सुईदोरा आणि बटणं होती. "नामांतराचे पेढे. पहिला खोका आमच्या घरी आनला भावजींनी. वाडीवरून सासूबाई आल्या व्हत्या, त्यांनी बी खाल्ले. मदी कुनी काय बोललं तर त्यांनीच गप केलं."

गयास त्या खोक्याकडं बघत राहिला. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल, पण त्याच्या आधी काहीतरी दुसरंच छातीत येऊन बसलं.

"मग गेले कुठं?"

"औरंगपुऱ्यात. कायतरी नवं आलंय म्हनं खेळायचं. कामावरून सुटले की थितंच असतेत." आणि मग तिच्या लक्षात आलं. "तुमच्याकडं येत नायत व्हय, चाचा?"

नानखटाई तिच्या हातात देऊन गयास बाहेर पडला. लुना सुरू व्हायला तयार नव्हती, की त्याचा पायच पायडलवर बसत नव्हता, कोण जाणे.

औरंगपुऱ्यातलं ते दुकान लांबूनच ऐकू आलं. आत गर्दी एवढी की पंखा असून नसल्यासारखा. नव्या मशीनभोवती पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढली होती. गयासनं टाचा उंच केल्या. पडद्यावर गल्ली नव्हती, बंदर नव्हतं, चालत जायला रस्ताच नव्हता. नुसतं एक मैदान आणि त्यात समोरासमोर उभे दोघंच जण. एकानं दुसऱ्याच्या छाताडावर लाथ घातली, तो कोसळला, उठायच्या आत त्याला पुन्हा लोळवलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. दांड्यांवर कोण आहे म्हणून गयासनं मान वाकडी करून पाहिलं.

मारणारा बन्सी होता. मार खाणारा कडूबा.

"अरे! मारतो काय त्याला!"

गयासच्या तोंडून हे इतक्या मोठ्यानं निघालं की अख्खं दुकान वळलं. मग जो हशा उसळला त्यात गयासचे कान तापले. कडूबा गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं.

"चाचा! तुमी हितं?"

"तो तुला मारत होता," गयास म्हणाला.

"मंग? मगाशी म्या त्याला लोळवलं ना तीन डाव!"

बन्सीही आला. दोघांनी त्याला बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर नेलं. दोन्हीकडून एकेक हात धरला होता. हात धरायचे ते त्यानं यांचे धरायचे होते.

"मला वाटलं," गयास म्हणाला, "नामांतरावरून तुमचं फाटलं."

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. बन्सीचं हसू मावळलं. त्यानं रसाचा ग्लास खाली ठेवला.

"नाय, चाचा. त्याच्यावरून लई जनांचं फाटलं, खोटं कशाला बोलू? पर आमचं नाय."

"मग माझ्याकडं का येईना झालात?"

कडूबानं मान खाली घालून सांगितलं, "राग नका मानू, चाचा. त्या गल्लीत आता काय ऱ्हायलंय? तेच ते. कोनत्या पिंपात कोंबडी हाय ते झोपेत सांगतो म्या. गुंड कुटून येनार, कवा येनार, समदं पाठ. आन् आता समदीच पोरं समोरासमोरचंच खेळतेत. ते चालत जायचे गेम आता कुनी खेळत नाय. जालन्यातबी नाय, कुटंच नाय."

"तुमी बी बोर्ड बदला की," बन्सी म्हणाला. "कपाट तेच, आतला बोर्ड तेवढा नवा. हितल्या मेकॅनिकला पाठवतो. परत रांग लागंल बघा."

ते दोघं मनापासून सांगत होते, हेच जास्त लागलं. साप साप म्हणून गयासनं पंधरवडाभर भुई धोपटली होती आणि साप नव्हताच. परतताना लुनेवर त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, कारण त्याच्या लक्षात आलं की या दोघांचं भांडण झालेलं असतं तर आपल्याला बरं वाटलं असतं. भांडण मिटवता येतं. त्यासाठी इस्त्रीचा कुडता होता, नानखटाई होती, पाठ केलेलं वाक्य होतं. कंटाळ्यापुढं काय पाठ करून जाणार? तापलेल्या शहराला जी जोडी तोडता आली नाही ती एका नव्या मशीननं पळवली, आणि तीही दुःख न होता, हसत हसत.

दुकानात शिरताना त्यानं अत्तरवाल्याला विचारलं, "भाईजान, आमची रांग कधीपासून बंद झाली?"

अत्तरवाल्यानं आठवायचा प्रयत्न केला. "गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून असेल. का हो?"

गल्लीचा बोर्ड बदलायला मेकॅनिक शनिवारी येणार असं ठरलं. शुक्रवारी दुपारी नमाजावरून आल्यावर गयासनं दुकान उघडलं नाही. शटर खाली ठेवून त्यानं मशीन तेवढं चालू केलं. गल्लीचं संगीत वाजलं तशी वहिदा पडद्याआडून आली.

"सुलह हुई थी क्या उस दिन?" आठवडाभर तिनं विचारलं नव्हतं.

"झगड़ाच नै था."

"फिर आएँगे?"

"नै."

मशीनच्या पडद्यावर बंदर आलं होतं, दोन दोस्त सुरुवातीच्या जागी थांबले होते. गयासनं बाकावर सरकून जागा केली. इतकी वर्षं हे कपाट घरात होतं, पण गिऱ्हाईकाच्या बाकावर वहिदा कधी बसली नव्हती. तिनं ओढणी खोचली आणि बसली.

"किसको मारना?"

"सामने से आएगा उसको. मेरे को नै."

तिला उडी जमेना, लाथ मारायची तिथं ती बसायची, आणि गुंड येताना दिसला की "या अल्ला" म्हणून दांडीच सोडून द्यायची. तिला सांभाळता सांभाळता सगळा मार गयासच खात होता. दुसऱ्या गल्लीत त्याची पट्टी लाल झाली. तेवढ्यात वहिदाच्या हातून चुकून एक पिंप फुटलं आणि कोंबडी बाहेर पडली, बरोबर तिच्या पायाशी.

गयासनं आपला माणूस होता तिथंच थांबवला. दुकानाचे कायदे तिला कुणी सांगितलेले नव्हते.

वहिदानं दांडी मागं ओढली आणि आपल्या माणसाला दोन पावलं बाजूला केलं.

"तुमारा कम हो गया दिखता," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुमीच खाव."