घर सोडून फिरणारा

लुकलुके तो तारा, बाई, जागेवरती राहणारा;
थिर तेवे तो ग्रह, बाई, घर सोडून फिरणारा.

बाबांच्या आवाजातल्या या ओळी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर बसले होते. जुळवल्या त्यांनीच. ते रात्रपाळीचे बस ड्रायव्हर. शेवटच्या थांब्यावर गाडी लावली की परतीच्या फेरीपर्यंत सोबतीला आभाळाखेरीज कोणी नसायचं. तिथे त्यांनी तारे पाठ केले आणि घरी येऊन माझ्याकडून घोटून घेतले.

आता ते निवृत्त आहेत आणि मी वाचनालयाच्या गच्चीवर नवशिक्यांना आकाश दाखवते. आधी गच्चीवर नुसत्या डोळ्यांनी ओळख, मग बसने डोंगरावर जाऊन गडद काळोखात दुर्बीण. ती बस बाबा चालवतात. रस्ता सगळा वळणांचा, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी.

त्या संध्याकाळी अंधारलं तशी मी मृगापासून सुरुवात केली. त्याच्या पोटातले ओळीने उभे तीन तारे दाखवले. ती रेघ एका बाजूला लांबवली की सगळ्यांत तेजस्वी व्याध. दुसऱ्या बाजूला लांबवली की तांबूस रोहिणी. सुईत दोरा ओवताना मेले डोळे फितूर होतात, पण लांबचं कसं लख्ख दिसतंय, असं शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या आणि गच्ची हसली.

बाबा कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. बोट बरोबर रोहिणीवर.

"हिच्या शेजारी तसाच दुसरा लाल आहे बघा. तो मंगळ. ही लुकलुकते, तो थिर."

सगळ्यांच्या माना वर. मावशी बराच वेळ बघत राहिल्या.

"काका, मला एकच दिसतोय."

"चष्मा पुसा," बाबा म्हणाले. पुन्हा हशा. मीही हसायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

मंगळ रोहिणीशेजारी होता, पण गेल्या हिवाळ्यात. आता तो पहाटे उगवत होता. या वेळी आभाळात त्याचा पत्ताच नव्हता. तारे एकमेकांची सोबत सोडत नाहीत. एकदा पाठ झाले की आंधळ्यालाही दाखवता येतील. ग्रहाचं तसं नाही. त्याला रोज नव्याने बघावं लागतं. बाबा आम्हाला गेल्या वर्षीचं आभाळ दाखवत होते.

मंगळाचं पुढच्या वेळी बघू म्हणत मी सगळ्यांना खाली पाठवलं. बाबा जिन्यावरून भिंतीला हात लावत उतरले. मला बसमधली माझी जागा आठवली. गेले कित्येक महिने ते मला बसमध्ये पुढे, आपल्या शेजारी बसवत होते. वळणं तू बोलत जा गं, लहानपणी बोलायचीस तशी. रस्ता मला तोंडपाठ आहे, पण तुझ्या तोंडून गोड लागतो, असं म्हणत. आणि मी लाडात येऊन बोलायची: आता डावीकडे, आता कड्याला धरून, समोरून ट्रक येतोय.

खाली बस भरली होती. बाबांनी इंजिन सुरू केलं आणि शेजारच्या सीटवर थाप मारली. उभ्या जन्मात ज्यांच्या गाडीला ओरखडा आला नाही, त्यांना चारचौघांत काय विचारायचं? आणि न विचारावं, तर पुढे दरी.

मी पायरीवर उभी राहून हळूच म्हटलं, "दुसरा ड्रायव्हर बोलावू का?"

"का? माझे हात काय लुळे पडलेत?"

"बाबा, मंगळ आता पहाटे उगवतो."

त्यांचा हात गिअरवर थबकला.

"असेल. म्हातारा माणूस चुकतो." पुन्हा सीटवर थाप. "बस लवकर. लोक खोळंबलेत."

मागून मावशींनी हाक दिली की काका, निघा आता, नाहीतर तारे पांघरूण घेऊन झोपतील. बस हसली. बाबांनी गिअर टाकला. गाडीला हलका हिसका बसला.

"मी आज मागे बसते," मी म्हणाले. "वळणं नाही सांगणार."

गाडी हलली नाही. समोर दिव्यांचा झोत फाटकाच्या भिंतीवर पडला होता. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या कानाच्या जरा पलीकडे, पायरीवरच्या अंधारात. मी जागची हलले नाही.

मग त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं तशी मागची बडबडही थांबली. त्यांनी चाचपडत माझा हात शोधला, किल्ली तळव्यात ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली.

"रात्रीचं दिसत नाही गं मला," ते म्हणाले. "वर्ष झालं. तुझ्या डोळ्यांनी चालवत होतो."