वरची वाळू, खालची वाळू

"आवाजाकडे तोंड कर नि वल्हव, स्पासे. तू काठाला लागेस्तोवर मी गप्प बसायचा नाही."

पन्नास वर्षांपूर्वी गावच्या, प्रेस्पाच्या तळ्यावर धुकं उतरलं होतं आणि धुक्यापलीकडून थोरल्या भावाचा, नाउमचा हा आवाज येत होता. होडीत नऊ वर्षांचा स्पासे एकटा. हाकेमागून हाक येत राहिली, हाकेला धरून होडी येत राहिली. होडीचं नाक लव्हाळ्यात घुसलं तेव्हा नाउमचा घसा पार बसला होता. पुढचे दोन दिवस तो खुणांनी बोलत होता.

आज स्पासे साठीच्या घरात आला होता आणि त्याच नाउमची घरगाडी चालवत होता. शेजारी मांडीवर पिवळ्या मेणबत्त्यांची जुडी घेऊन थोरली बहीण वेलिका बसली होती. ही गाडी नाउमची, हे तिला ठाऊक नव्हतं. नाउम या जगात नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं.

संसार मोडल्यावर नाउम जर्मनीतल्या एका तळ्याकाठी ह्या गाडीतच राहू लागला होता. पाणी दिसलं की झोप लागते, म्हणायचा. वेलिकाला मात्र सांग, दादाला सज्जाचं घर आहे, असं स्पासेला बजवायचा. लाजेपायी त्यानं बहिणीला फोन करणंच सोडलं. त्याची खबर स्पासेच्या तोंडूनच तिला कळायची. मग त्याची नजर अधू झाली. जर्मनीतच तीन तासांच्या अंतरावर फरशा बसवणाऱ्या स्पासेला तो फोन करू लागला: गाडी तयार आहे, तू फक्त चालव, मला घरी सोड. हातातलं काम संपलं की येतो, असं स्पासे म्हणाला. मग म्हणाला, ईस्टर झाला की. दोन वसंत नाउम हाका मारत राहिला. तिसऱ्या मार्चात फोन आला, तो शेजाऱ्याचा होता.

चार माणसांत त्याला तिथंच पुरून स्पासे गाडी घेऊन आपल्या कामाच्या गावी परतला. त्या रविवारी वेलिकानं फोनवर नेहमीसारखं विचारलं, दादा कसा आहे? "बरा आहे," असं तोंडातून निसटलं. दीड वर्ष झालं. रोप लावलं की पाणी घालावं लागतं, तसं तो त्या खोट्याला दर रविवारी पाणी घालत आला होता.

सकाळी दोघं गोस्तिवारहून, वेलिकाच्या घरून निघाले. गावच्या देवळाचा सण होता आणि गुडघे धरल्यापासून वेलिका सात वर्षांत गावी गेली नव्हती. भाऊ सुट्टीला आला तो घर चाकावर घालूनच, म्हणून ती हरखली होती. पहिल्या चढालाच म्हणाली, "जर्मनीत चाळीस वर्षं राहून बैलगाडी हाकायला शिकलास होय रे?"

माव्रोवोचं तळं मागं पडलं. रादिका नदीच्या घळीत मठ दिसताच तिनं गाडी थांबवायला लावली. आत वाळूची दोन तबकं, एकाखाली एक. वरच्या वाळूत जित्यांच्या मेणबत्त्या, खालच्या वाळूत मेलेल्यांच्या. तिनं आईबापांना खाली लावल्या, मग वरती लेकीला, स्पासेला आणि नाउमला दोन.

"त्याला दोन का?" न राहवून त्यानं विचारलं.

"लांब आहे तो. एक वाटेतच विझायची."

स्पासे बाहेर आला. ज्याला खाली मेणबत्ती नाही, तो तिकडे अंधारात चाचपडत राहतो, असं आई सांगायची. दीड वर्षात खाली एकही लागली नव्हती. त्यानंही लावली नव्हती. लावली असती तर स्वतःशी तरी कबूल करावं लागलं असतं.

देबारच्या हिरव्या पाण्याकाठी दुसरं देऊळ आलं, स्त्रुगाला तिसरं. दोन्हीकडे नाउम वरतीच उजळत होता आणि प्रत्येक ज्योत स्पासेच्या गालाला चटका लावत होती. ओह्रीदचं तळं उजव्या हाताला चालत राहिलं, वेलिका नाउमबद्दल विचारत राहिली: दाढी ठेवतो का, स्वयंपाक कोण करतं. तो उत्तरं देत गेला. त्यानं नाउमला दाढी ठेवायला लावली, मिरच्या भाजायला शिकवलं, मेलेल्या माणसाला गुडघेदुखीसुद्धा दिली.

गालिचित्साचा घाट चढताना गाडी धापा टाकू लागली. माथ्यावर थांबून वेलिकानं कॉफी ठेवायला कपाट उघडलं आणि लांब दांड्याचं पितळी भांडं बाहेर काढलं. दांडा तुटलेला होता आणि जाळं विणायच्या निळ्या दोऱ्यानं बांधलेला.

"हे भांडं जर्मनाचं नव्हे," ती म्हणाली. "ही गाठ तळ्याकाठच्या माणसाची. कुणाची होती रे गाडी?"

"असेल कुणी बोस्नियाचा," स्पासे म्हणाला. गाडी घेताना त्यानं समोरच्या काचेवरची नाउमची तसबीर उतरवली होती, टोपी टाकून दिली होती. भांडं टाकायला हात धजला नव्हता.

"जो असेल त्याचं भलं होवो. घर नीट ठेवलं हो त्यानं." तिनं कॉफीचा पहिला घोट त्या अनोळखी माणसाच्या नावानं घेतला. माथ्याच्या एका अंगाला ओह्रीद, दुसऱ्या अंगाला प्रेस्पा. स्पासेला दोन्हीकडे बघवेना.

उन्हं कलताना गावी पोचले. सफरचंदांच्या बागांतून रस्ता पाण्यापाशी उतरला आणि देवळाच्या दाराशी थांबला. सणाचे लोक अंगणात जेवत होते, आत कुणी नव्हतं. वेलिकानं आईबापांना खाली लावल्या, लेकीला वर. जुडीत एक उरली.

"ही दादाची," म्हणत तिनं ती त्याच्या हातात दिली. "तू लाव. तो तुझा जास्त. घसा फुटेस्तोवर ओरडत होता तुझ्यासाठी."

स्पासेनं ज्योत पेटवली. हात वरच्या तबकाकडे गेला, तिथंच थबकला. मेण ओघळून बोटांवर आलं. मग तो वाकला आणि आईबापांच्या शेजारी, खालच्या वाळूत त्यानं मेणबत्ती रोवली.

"अरे, डोळे फुटले का? वर, वर लाव." ती घाबरून मेणबत्ती उपटायला वाकली. जित्याला खाली लावणं म्हणजे त्याला मारणंच.

त्यानं तिचं मनगट धरलं.

"राहू दे ताई. तिची जागा तीच आहे." त्यानं मनगट सोडलं नाही. "दादा दीड वर्षापूर्वी गेला. ही गाडी त्याची. घरी ने म्हणून दोन वर्षं हाका मारत होता मला. ऐकू येत होत्या, ताई. मी गेलो नाही."