आलुबुखार आणि दोन इंच

शिंप्याने बायकोच्या कमरेभोवती टेप धरली, आकडा वाचला, टेप सोडली आणि पुन्हा धरली. आकडा तोच.

"दोन इंच आत घ्या," ती म्हणाली. "ड्रेस नुसता लोंबतोय अंगावर."

"गेल्या महिन्यातच दीड इंच घेतला."

"मग? शिंप्याची बायको आहे, फुकटात होतंय."

त्याने ड्रेस मांडीवर घेतला, पण शिवण उसवायला काही घेईना.

टेबलावर आलुबुखारांची पिशवी. सकाळी त्याच्या बहिणीने आणलेली. सोबत फळवाल्याचा छापील कागद. तिने तो मोठ्याने वाचायला घेतला होता.

आलुबुखारात क जीवनसत्त्व असते. तंतूंमुळे पोट साफ राहते. पोटॅशियम भर...

इथे तिने जीभ चावली. दादाच्या किडन्या थकलेल्या. रक्तात पोटॅशियम वाढलं म्हणून डॉक्टरांनी सध्या फळं बंद केली होती.

"वहिनी, तू तरी खा गं."

"ह्यांच्यासमोर? घशाखाली उतरेल का, वन्सं?"

सात महिने तिच्याही ताटात तेच: उकडून पाणी ओतून दिलेल्या, चव गेलेल्या भाज्या. पथ्य एकाचं, पाळणारी माणसं दोन.

...हाडांसाठी उपयुक्त.

"हाडांसाठी म्हणे," शिंपी आता तोच कागद लांब धरून म्हणाला. "कोणाच्या, ते लिहिलेलं नाही. तुझी चालतील."

"तुमचं आपलं काहीतरीच."

"हे बघ, ड्रेस मी आत घेणार नाही."

"का बरं?"

"किती दिवस तुझ्यामागे कात्री घेऊन धावू? अंगाने भर, आहे तो ड्रेस बसेल."

"तुम्ही बरे व्हा. मग दोघं मिळून खाऊ."

"आणि तोवर? दोघंही अंथरुणाला खिळलो तर चहा कोण टाकणार? बहीण? तिचा चहा प्यायलायस ना?"

तिला हसू आवरलं नाही. मग ती पिशवी उचलून म्हणाली, "खराब होतील. फ्रिजमध्ये ठेवते."

आत नळ सुटला, बंद झाला. फ्रिजचं दार काही उघडलं नाही. शिंपी कान देऊन बसला. कच्चकन एक ओला आवाज आला आणि तिथेच थांबला, चोरी पकडली गेल्यासारखा.

शिंप्याने मशीनच्या पायडलवर पाय ठेवला. सुईखाली कापड नव्हतं, सुईत दोराही नव्हता. तरी तो जोरात मशीन चालवत राहिला, एक अख्खं फळ सावकाश खाऊन होईल इतका वेळ.